तोतया फुलपाखराची कुळकथा

मालवण तालुक्यात घर तिथे परडं आणि परडं तिथे कढीपत्ता. पावसाळा ओसरायला लागला की त्याच्या कोवळ्या पानांवर पाखराची शीट पडावी तसा एखादा डाग दिसतो. तपकिरी रंग, मधोमध पांढुरका पट्टा, वर ओलसर चकाकी. काडीने हलकेच डिवचलं तर त्या शिटेला डोकं फुटतं, डोक्यामागून दुभंगलेलं तांबूस शिंग बाहेर येतं आणि उग्र, आंबूस दर्प सुटतो. ही कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी. आकार वाढला की शिटेचं सोंग टिकत नाही, म्हणून चौथी कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते.

ही सोंगं बाळपणीची. खरी कथा सुरू होते ती कोशातून फुलपाखरू बाहेर पडल्यावर.

नर नेहमी एकाच रूपाचा असतो. काळे पंख, मागच्या पंखांवरून आडवी गेलेली पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि टोकाला छोटी शेपटी. मादी मात्र तीन रूपांत येते. एक हुबेहूब नरासारखी. दुसरीच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरे ठसे आणि कडेने लाल चंद्रकोरी. तिसरीच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर नुसतेच लाल ठिपके. एकाच आईने एकाच झाडावर घातलेल्या अंड्यांतून या तिघीही निघू शकतात.

दुसरी आणि तिसरी मादी ज्यांच्यासारखी दिसते ती फुलपाखरं वेगळ्याच घराण्यातली आहेत. एक कॉमन रोझ, दुसरं क्रिमझन रोझ. दोन्ही सिंधुदुर्गात दिसतात. त्यांच्या अळ्या कढीपत्त्याला तोंड लावत नाहीत. त्या वाढतात सापसणीवर, म्हणजे वईवर, झुडपांवर चढणाऱ्या एका वेलीवर. सापसणीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. अळी पानाबरोबर ते पोटात घेते, स्वतःला त्रास होऊ देत नाही आणि कोशातून पुढे फुलपाखराच्या अंगातही नेते. एखाद्या अननुभवी पाखराने रोझ पकडलं तर ते तोंडातून टाकून देतं आणि ती चव विसरत नाही. माणसाला हे विष फार महागात पडतं. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत याच कुळातली एक वनस्पती गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपल्याकडे साप चावल्यावर सापसणीची मुळी उगाळून देण्याची जुनी रीत आहे. आम्लाचे गुण कळल्यावर ती रीत आता सोडलेलीच बरी.

म्हणजे कॉमन मॉरमॉनच्या अंगात हे विष नाही, पण तिच्या दोन मुली विषारी शेजारणींचं लुगडं नेसून फिरतात. जवळून पाहिलं तर एक गोष्ट त्यांना जमलेली नाही. खऱ्या रोझचं डोकं, छातीच्या कडा आणि पोट लालभडक असतं. तोतया मादीचं पोट काळंच राहतं. पंख जुळले, धड जुळलं नाही. उडताना ती रोझसारखीच संथ, बेफिकीर तरंगते, पण हात उगारला की सोंग सोडून मॉरमॉनच्या वेगाने सुसाट पळते. घाणेरीच्या फुलांवर दोघी शेजारी बसल्या असतील तर हा फरक एकदा तरी डोळ्यांनी पाहावा. पुढचं सगळं समजायला तो पुरतो.

या मादीने युरोपातल्या पंडितांना शंभर वर्षं फसवलं. कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांची शास्त्रीय नावं ठरवली तेव्हा त्याच्यापुढे टाचणीला टोचलेली कलेवरं होती, उडती फुलपाखरं नव्हती. मोठ्या फुलपाखरांना त्याने ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं वाटली. काळ्या नराला त्याने ‘पॅमन’ म्हटलं, लाल चंद्रकोरीच्या मादीला ‘पॉलिटीस’, आणि क्रिमझन रोझला ‘हेक्टर’. ग्रीक पुराणात हे तिघेही प्रायम राजाचे मुलगे. लिनियसला कल्पना नव्हती की पॅमन आणि पॉलिटीस ही दोन जातींची नव्हे, एकाच जातीच्या नर-मादीची नावं होत आहेत. पुढे १७७५ साली पीटर क्रामरने तिसऱ्या रूपाला ‘रोम्युलस’ असं आणखी एक नाव दिलं. कपाटात तीन जाती झाल्या. त्यांतल्या दोघींचे नर कुणालाच कधी सापडत नव्हते, आणि तरीही कुणी फारसं विचारत नव्हतं.

ज्याने विचारलं तो आल्फ्रेड रसेल वॉलेस. पण त्याच्याकडे वळण्याआधी त्याच्या मित्राची गोष्ट सांगायला हवी, कारण या सोंगाला शास्त्रात जागा मिळवून दिली ती त्या मित्राने.

हेन्री वॉल्टर बेट्स इंग्लंडमधल्या लेस्टरचा. पोरवयातच मोजे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. दिवसभर काम, रात्री वाचन, सुटीत भुंगेरे गोळा करणं. वॉलेसशी ओळख झाली आणि १८४८ साली दोघं किडे-फुलपाखरं विकून पोट भरायचं आणि जमलं तर जातींचं मूळ शोधायचं असं ठरवून अ‍ॅमेझॉनला निघाले. वॉलेस चार वर्षांनी परतला. बेट्स अकरा वर्षं राहिला. ताप आला, पैसे संपले, कपडे फाटले, महिनोन्महिने घरचं पत्र नाही. १८५९ साली तो इंग्लंडला परतला तेव्हा त्याच्या संग्रहात १४,७१२ जाती होत्या. त्यांतल्या सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या होत्या.

अ‍ॅमेझॉनच्या रानात हेलिकोनिड गटातली फुलपाखरं थव्याथव्याने, अगदी सावकाश उडत. रंग भडक, लपण्याची धडपड नाही. एवढं सोपं भक्ष्य असूनही पक्षी, चतुर, सरडे त्यांच्या वाटेला जाताना बेट्सला दिसत नव्हते. वाळत घातलेल्या नमुन्यांतही यांना किडेमुंग्या कमी लागत. थव्यातलं एखादं फुलपाखरू जाळ्यात पकडून हातात घेतलं की तो चमके, कारण ते हेलिकोनिड नसेच. पायांची ठेवण वेगळी, शिरांची जाळी वेगळी. ते असे पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या, म्हणजे आपल्या कोबीवरच्या फुलपाखराच्या कुळातलं. त्याचे जवळचे भाऊबंद पांढरे, आणि हे मात्र हेलिकोनिडचा वेष घेतलेलं. नदीकाठाने पुढे जावं तसा हेलिकोनिडचा वेष बदले आणि त्याबरोबर नकलाकाराचाही बदले.

बेट्सने आपला निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत २१ नोव्हेंबर १८६१ रोजी वाचला. पुढल्या वर्षी तो छापून आला. म्हणणं असं: बेचव, विषारी फुलपाखराला शिकारी टाळतात. चविष्ट फुलपाखरांत जन्मतः थोडाथोडा फरक असतोच. ज्याचा फरक विषारी शेजाऱ्याच्या जरा जवळ जाईल ते वाचेल, बाकीचे खाल्ले जातील. पिढ्यांमागून पिढ्या असं होत गेलं की पंखांवर दुसऱ्याचं रूप उमटतं. फुलपाखरू काही ठरवत नाही, त्याला आरसा नाही. रंग निवडतो तो पक्ष्याचा डोळा. डार्विनचा ग्रंथ येऊन त्या वेळी जेमतेम दोन वर्षं झाली होती. नैसर्गिक निवडीचा पुरावा दाखवा म्हणणाऱ्यांना आता रानात जाऊन पाहता येईल असं उदाहरण मिळालं. डार्विनने या निबंधाची तोंडभरून स्तुती केली आणि त्यावर स्वतः लिहिलं. चविष्टाने विषारीचं रूप घेण्याच्या या प्रकाराला आजही बेट्सचंच नाव आहे.

मला या सगळ्यात मोठी वाटते ती बेट्सची चिकाटी. त्याला कुठल्याही विद्यापीठाने पाठवलं नव्हतं. अकरा वर्षं एकाच रानात राहिल्यामुळेच त्याला कळलं की कोण कोणाबरोबर उडतं आणि कोण कोणाला खात नाही. टाचणीला टोचलेल्या फुलपाखरावरून ते कधीच कळलं नसतं.

वॉलेस तोवर मलाय द्वीपसमूहात आठ वर्षं घालवून आला होता. १८६४ साली त्याने लिनियन सोसायटीपुढे मलाय प्रदेशातल्या पॅपिलिओ कुळावर निबंध वाचला. त्यात आपल्या कढीपत्त्यावरच्या जातीचा निकाल लागला. पॉलिटीस आणि रोम्युलस या वेगळ्या जाती नाहीत, पॅमनच्याच माद्या आहेत, आणि त्यांची रूपं विषारी फुलपाखरांच्या रूपांना जुळतात. तीन नावांचं एक कुटुंब झालं. पुढे नाव राहिलं ते मादीचं, पॅपिलिओ पॉलिटीस.

वॉलेसची आणखी एक नोंद पुढे खरी ठरली: असल जिथे राहतं तिथेच तोतया राहतो. क्रिमझन रोझ मुख्यतः भारतात आणि श्रीलंकेत आहे, आणि रोम्युलस मादीही याच टापूतली. पूर्वेकडे जिथे क्रिमझन रोझ नाही तिथे कॉमन मॉरमॉन आहे, पण तिचं हे तिसरं रूप नाही. सिंधुदुर्गात दोन्ही रोझ आहेत, म्हणून इथे तिन्ही माद्या पाहायला मिळतात. जगातल्या किती लोकांच्या अंगणात हे एकत्र घडतं याचा विचार केला की कढीपत्त्याचं झाड निराळंच दिसायला लागतं.

इथे एक प्रश्न साहजिकच येतो. दोन्ही रोझ विषारी, तर ती एकमेकांसारखी का दिसतात? काळा पंख, लाल पोट, लाल ठिपके. याचं उत्तर ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८७८-७९ साली दिलं. शिकाऊ पक्षी धडा घेईपर्यंत काही फुलपाखरांचा बळी जातोच. दोन विषारी जातींचा गणवेश एकच असेल तर तो बळी दोघींत वाटला जातो आणि दोघींचंही नुकसान कमी होतं. इथे कुणी कुणाला फसवत नाही.

पण बेट्सचं स्पष्टीकरण पटलं तरी एक गाठ सुटत नव्हती. थोड्याथोड्या फरकांनी रूप घडत गेलं असेल, तर एकाच आईच्या तीन मुली तीन ठळक रूपांत कशा? मधली, अर्धवट रूपं का दिसत नाहीत? हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, याच फुलपाखरावरून पेटला. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी सिलोनची फुलपाखरं पाहिली आणि १९१० साली लिहिलं की अशी रूपं हळूहळू नव्हे, एका उडीत आली असावीत. जे. सी. एफ. फ्रायर यांनी सिलोनमध्ये कॉमन मॉरमॉन पिढ्यांमागून पिढ्या पाळून वंशावळी मांडल्या आणि १९१३ साली छापल्या. त्यातून निघालं ते आजही थक्क करणारं आहे. मादीचा वेष मेंडेलच्या नियमांनी पुढे जातो. नराच्या अंगातही त्या वेषाचा घटक असतो, पण तो त्याच्या पंखांवर कधी दिसत नाही. काळा, साधा बाप आपल्या मुलींना लाल ठिपके देऊ शकतो. नरासारखं रूप मात्र मादीला तेव्हाच मिळतं जेव्हा आई आणि बाप दोघांकडूनही वेषाचा घटक येत नाही.

पनेट यांनी १९१५ साली यावर पुस्तकच लिहिलं. रोनाल्ड फिशर यांनी १९२७ साली त्यांना खोडून काढलं. फिशर यांचं म्हणणं, घटक एकदम आला असेल, पण आज दिसणारं नेमकं साम्य निवडीने नंतर घासून घासून आलं. दोन्ही बाजूंना आपापल्या आकड्यांचा आधार होता, आणि दोघांनाही पंखाच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

पुढची फेरी लिव्हरपूलला झाली. सिरिल क्लार्क तिथे डॉक्टर होते आणि छंद म्हणून फुलपाखरं पाळत. आनुवंशशास्त्रज्ञ फिलिप शेपर्ड यांच्याबरोबर त्यांनी या कुळातल्या अनेक जातींचे संकर केले. कॉमन मॉरमॉनवरचं त्यांचं काम १९७२ साली आलं. पंखांचा आकार, रंग, ठिपके ठरवणारी जनुकं एकमेकांना इतकी चिकटून असतात की ती एकगठ्ठा वारशाने जातात, असं ते मानत. याला सुपरजीन म्हणतात. माणसाच्या रक्तातल्या ऱ्हीसस गटाचा वारसाही असाच चालतो, हे साम्य क्लार्क यांच्या मनात बसलं आणि ते ऱ्हीससच्या प्रश्नाकडे वळले. ऱ्हीसस-निगेटिव्ह आईच्या पोटात ऱ्हीसस-पॉझिटिव्ह मूल असेल तर आईचं रक्त पुढच्या बाळाच्या रक्तावर उलटू शकतं. ते टाळण्यासाठी आज बाळंतिणीला अँटी-डीचं इंजेक्शन देतात. त्या उपचाराच्या जन्मात लिव्हरपूलच्या या गटाचा मोठा वाटा आहे. सिंधुदुर्गातही हे इंजेक्शन घेतलेल्या कितीतरी आया असतील. त्यांच्या परड्यात भिरभिरणाऱ्या फुलपाखराचा त्या उपचाराशी लांबचा का होईना संबंध आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

यानंतर कथा मराठी माणसाच्या हाती येते. कृष्णमेघ कुंटे पुण्याचे. माधव गाडगीळ यांनी संपादित केलेल्या मालेत २००० साली त्यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक आलं, आणि फुलपाखरं ओळखायला शिकणाऱ्या एका अख्ख्या पिढीने ते पाठपिशवीत बाळगलं. सध्या ते बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करतात. शिकागोच्या मार्कस क्रोनफोर्स्ट यांच्यासह त्यांनी कॉमन मॉरमॉनच्या माद्यांचे जनुकसंच तपासले. २०१४ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला: चिकटलेल्या अनेक जनुकांचा गठ्ठा इथे नाहीच. सगळं सोंग एकाच जनुकात आहे, आणि ते जनुक म्हणजे ‘डबलसेक्स’.

डबलसेक्स हे किड्यांत नर की मादी ठरवणाऱ्या यंत्रणेतलं जुनं, महत्त्वाचं जनुक. त्याचा संदेश नरात एका तऱ्हेने जोडला जातो, मादीत दुसऱ्या. निसर्गाने सोंगाचं काम याच जनुकावर सोपवलं, म्हणून सोंग मादीपुरतं राहतं. तोतया मादीत या जनुकाची जी आवृत्ती असते ती कोशातल्या पंखात भरपूर कामाला लागते आणि पंखाची नक्षी बदलून टाकते. नराच्या अंगात तीच आवृत्ती गप्प बसते. फ्रायर यांना वंशावळीत जे दिसलं होतं त्याचं कारण शंभर वर्षांनी सापडलं. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की तोतयाच्या गुणसूत्रावर डीएनएच्या सुमारे १,३०,००० अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला आहे. उलट्या तुकड्याची सुलट्याशी देवाणघेवाण होत नाही, त्यामुळे त्यात साठलेले बदल विखरत नाहीत. मधली, अर्धवट रूपं का दिसत नाहीत, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे. पनेट आणि फिशर यांच्या वादाचाही निकाल लागला म्हणायचा: घटक एक हे पनेट यांचं खरं, आणि त्या एका घटकात पुष्कळ बारीक बदल साचत गेले हे फिशर यांचं खरं.

हे सोंग मादीनेच का घ्यावं, याचा विचार नाओता ओहसाकी या जपानी संशोधकाने वेगळ्या वाटेने केला. फुलपाखरांच्या पंखांवर पक्ष्यांच्या चोचीच्या खुणा राहतात. त्या मोजल्यावर दिसलं की पक्षी नरांपेक्षा माद्यांवर जास्त झडप घालतात. हे काम १९९५ साली छापून आलं. माद्यांवर जास्त झडप पडते याचं कारण सरळ आहे. पोटात अंड्यांचा भार, त्यामुळे उड्डाण जड, आणि योग्य पानाच्या शोधात झाडाभोवती सावकाश घिरट्या घालणं तिला चुकत नाही. कढीपत्त्याभोवती ती पान चाचपत फिरते तेव्हा वर तारेवर कोतवाल बसलेला असतो.

मग सगळ्याच माद्या तोतया का होत नाहीत? इथे मराठ्यांच्या इतिहासातलं एक प्रकरण आठवतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या बंदिवासातून सुटून १७७६ साली त्याने कोकणपट्टीत धामधूम उडवली आणि किल्ले त्याला उघडत गेले. त्याच्या अंगी भाऊंचं काही नव्हतं. पण भाऊंच्या नावाचा दरारा लोकांच्या मनात जिवंत होता, आणि तो दरारा हेच त्याचं भांडवल होतं. असले दहा भाऊ एकदम निघाले असते तर एकालाही कुणी किल्ला दिला नसता. फुलपाखराचंही तसंच. असल विषारी रोझ भरपूर आणि तोतया थोडे असले, तर पक्ष्याच्या मनातला धाक टिकतो. तोतया वाढले की पक्ष्याला चविष्ट घास वरचेवर मिळतो, धाक उतरतो आणि वेषाचा उपयोग संपतो. तेव्हा साधी, नरासारखी मादी तोट्यात राहत नाही. तिन्ही रूपं एकमेकींना धरून टिकतात ती अशी.

जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवर याची जणू परीक्षाच झाली. तिथे कॉमन मॉरमॉन होतं, पण कॉमन रोझ नव्हतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोझ तिथे येऊन स्थिरावलं, आणि नंतरच्या वर्षांत तोतया माद्यांचं प्रमाण वाढलं. के. उएसुगी यांनी जुन्या नोंदी आणि संग्रह तपासून हे १९९१ साली मांडलं. पुढे पिंजऱ्यातल्या बुलबुलांना आधी रोझची चव दाखवून मग तोतया मादी दिली, तर त्यांनी तिला टाळलं. असल येतं तेव्हा सोंगाला किंमत येते. असल गेलं तर काय होईल, हा प्रश्न मला सिंधुदुर्गात फिरताना सतावतो.

त्याआधी थोडं समुद्राकडे वळतो, कारण हे नाटक एका कुळापुरतं नाही. तारकर्ली-देवबागच्या वाळूमागे रुई उभी असते. तिच्यावर प्लेन टायगरच्या पट्टेरी अळ्या चीक पचवून विषारी होतात. तांबूस पंख, काळी-पांढरी टोकं. त्याच वेषात डॅनेड एगफ्लायची मादी फिरते. तिची अळी खाते घोळ, जिची आपण भाजी करतो. तिचा नर वेगळाच, काळा आणि त्यावर निळसर कडेचे पांढरे ठसे. दोन वेगळी फुलपाखरं, दोन वेगळ्या वनस्पती, आणि पुन्हा सोंग मादीचंच. काजूच्या फांदीवर हुमल्यांची, म्हणजे मुंग्यांची, रांग असते. तिच्या आसपास एखादा हुमला जरा वेगळा चालताना दिसला तर त्याचे पाय मोजावेत. आठ भरले तर तो मुंगीचं रूप घेतलेला कोळी. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे हवेत हलवत असतो. रापणीतून आलेलं माकूल वाळूवर रंग पालटतं ती गोष्ट मात्र वेगळी आहे. ते भोवतालात मिसळून दिसेनासं होण्यासाठी रंग बदलतं. तोतयाला दिसायचंच असतं, फक्त दुसऱ्या नावाने.

आंबोली घाटाच्या पायथ्याशी पारपोली हे गाव आता फुलपाखरांसाठी ओळखलं जातं. पावसाळ्यानंतर तिथे लोक मुद्दाम येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कॉमन मॉरमॉन पाहायला घाटाशी जावं लागत नाही. ते किनाऱ्यावरच्या वाडीवाडीत आहे, आणि ते राहील, कारण कढीपत्ता, लिंबू, बेल आपण लावत राहू. भीती आहे ती सापसणीची. ती कुणी लावत नाही. निगडीच्या, मोगली एरंडाच्या वईवर ती आपोआप चढायची. वया गेल्या, तिथे चिऱ्याच्या सिमेंटभरल्या भिंती किंवा जाळ्या आल्या. काजूच्या, आंब्याच्या बागेत पूर्वी कोयत्याने बेणणी होई. वेल वरून कापला जाई, जमिनीत खोड राही आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटे. आता तणनाशकाचा फवारा पानातून मुळापर्यंत उतरतो आणि वेल कायमचा जातो. मजूर मिळत नाहीत, दर परवडत नाहीत, हे खरं आहे आणि बागायतदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण बागेच्या कडेची दोन हात पट्टी फवाऱ्यातून वगळायला पैसा लागत नाही. सापसण आंब्याचं किंवा काजूचं काही बिघडवत नाही.

सापसणीच्या जागी रोपवाटिकेतला मोठ्या फुलांचा विदेशी वेल लावून भागेल असं मात्र कुणी समजू नये. त्या कुळातले काही वेल शोभेसाठी विकले जातात. ऑस्ट्रेलियात असाच एक दक्षिण अमेरिकी वेल बागांत पसरला. तिथली रिचमंड बर्डविंग फुलपाखरं त्यावर अंडी घालतात आणि निघालेल्या अळ्या पान खाऊन मरतात. आपल्याकडे लावायची तर रानातलीच सापसण लावावी, बी धरून किंवा खोडासकट उचलून, आणि खाण्यासाठी किंवा औषधासाठी नव्हे.

सापसण विरळ झालेल्या गावात तोतया माद्यांचं प्रमाण किती आणि वई जपलेल्या गावात किती, ही तुलना शाळेतल्या मुलांनाही करता येईल. साधन लागत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सकाळच्या उन्हात घाणेरी, पेंटास किंवा जास्वंदीपाशी थांबावं. काळं, शेपटीवालं फुलपाखरू बसलं की आधी पोट पाहावं. लाल असेल तर रोझ, काळं असेल तर मॉरमॉन. मॉरमॉन असेल तर पुढचे पंख पाहावेत, मग मागचे, आणि लाल ठिपके नसतील तर नर की साधी मादी हे ठरवायला ते पानावर अंडी घालतं का याची वाट पाहावी. वहीत गाव, वाडी, तारीख, वेळ आणि रूप लिहावं. शेवटच्या रकान्यात शंभर पावलांच्या आत सापसण दिसली का, हे हो किंवा नाही इतकंच लिहावं.